फ्यूज खिशात

मशीनला हात लावायच्या आधी मिस्त्री फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि खिशावर दोनदा थापटायचे. "लाईट गेली म्हंजे मशीन बंद झालं, आसं न्हाई. लाईट परत येतीच की!"

मानवतला माझं मोबाईलचं दुकान आहे. कडबाकुट्टी मशीन दुरुस्तीचे त्यांचे व्हिडिओ मीच काढायचो आणि मीच कापायचो. माणूस भयंकर तापट, चिडला की हातातला पाना फेकून मारणारा. पण कॅमेऱ्यासमोर एकदम सावकाश. पातं बदलणं दोन मिनिटांचं, त्याआधी फ्यूजचं पुराण पाच मिनिटं. तुम्हीही असे व्हिडिओ पुढे सरकवले असतील. खाली लोक लिहायचे, 'काका, मुद्द्याचं बोला.'

"मिस्त्री, लोक पळून जायलेत वो."

"जाऊ दे. हात घेऊन जायलेत ना?"

एकदा त्यांना न सांगता मी ते पुराणच उडवलं. बघणाऱ्यांची झुंबड उडाली. मी खूश.

दोन महिन्यांनी सोनपेठकडचा एक शेतकरी मिस्त्रींना शोधत दुकानात आला; मिस्त्री तेव्हा तिथेच बसले होते. लाईट गेल्यावर, बटण तसंच चालू ठेवून, आमचा व्हिडिओ बघत त्याने पातं खोललं होतं. मध्येच लाईट आली. उजवा हात मनगटापासून तुटला. तो भांडला नाही. "तुमी सांगितलं तसंच करायलो होतो," एवढंच म्हणाला.

मिस्त्रींनी तिथेच तो व्हिडिओ पूर्ण बघितला. मग मला गचांडी धरून काउंटरवरून ओढलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. माझा दात पडला, शर्ट रक्ताने भरला. मी हात उचलला नाही, उचलायला तोंडच नव्हतं. त्यांना आवरत होता तो शेतकरी, उरलेल्या एका हाताने.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच आले. "लाव कॅमेरा." पुराण आता सात मिनिटांचं झालं होतं. मी त्यातला एक शब्दही कापला नाही.

गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्याजवळ एका गोठ्यात काम करताना त्यांना हार्टचा झटका आला. उघड्या मशीनवरच कोसळले, दोन्ही हात पात्यांमध्ये. तेवढ्यात लाईट आली. मालक किंचाळत धावला. पण मशीन हललं नाही.

त्यांना शेवटची अंघोळ घालायला मी होतो. दोन्ही हात धड होते, साधा ओरखडा नव्हता. शर्ट उतरवताना खिसा जड लागला.