जमादाराचा सलाम

"लई झ्याक लिवलंय, मास्तर. आता जरा खरं बोलतो," असं म्हणून आबा मी लिहिलेल्या भाषणाची घडी करत आणि ती टोपीखाली सरकवत. पुढारी तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. लिहून दिलेलं भाषण डोक्यात न घेता डोक्यावर घेणारा हा एकच.

आबा दिंद्रुडचे. निजामाच्या राजवटीत त्यांची शाळा उर्दूत झाली, त्यामुळे मराठी लिहिताना लेखणी अडखळे. मी गावचा शिक्षक. स्वातंत्र्य आलं, आबा आमदार होऊन हैदराबादला जाऊ लागले आणि भाषणं लिहिणं माझ्याकडे आलं. निजामाच्या काळात तिरंगा लावला म्हणून त्यांनी तुरुंगात मार खाल्ला होता. तेवढ्यावरच आपण निवडून आलो, असं तेच सांगत.

आमदार झाल्यावर ते पहिल्यांदा तालुक्याला गेले, तेव्हा मी सोबत होतो. डाकबंगल्याच्या दारात एक पोलीस जमादार उभा होता. त्यानं सलामासाठी हात उचलला आणि आबांनी एकदम दोन्ही हातांनी डोकं झाकलं. टोपी खाली पडली. जमादाराचा हात तसाच वर राहिला. तुरुंगात आबांना फोडून काढणारा तोच.

कार्यकर्त्यांना स्फुरण चढलं. "आबा, कावून थांबलाय? आजच घरी बसवा याला!"

सरकार बदललं होतं, जमादार मुसलमान होता. आबांच्या एका शब्दाचं काम होतं.

"घरी कसा बसवू बे?" टोपी झटकत आबा म्हणाले. "त्यानं मारलं म्हणून तर तुमी मला वळखता. न्हाईतर मी कोण हाय?"

सगळे हसले. परतताना मात्र ते मला हळूच म्हणाले, "माफ केलं न्हाई मी त्याला, मास्तर. पण त्याची लेकरं उपाशी ठिवून माझी पाठ बरी व्हायची हाय का?"

जमादाराची नोकरी टिकली. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी नेमकं हेच उकरलं: आबांनी निजामाचा माणूस पोसला. मी फार विचार करून भाषण लिहिलं, की नोकरीत कुणाला ठेवायचं हे सरकार ठरवतं, आबांचा त्यात संबंध नाही. भरसभेत आबांनी पहिली ओळ वाचली आणि कागदाची घडी केली.

"मीच ठिवलं त्याला. पुन्हा निवडून दिलं तरी ठिवीन."

टाळी पडली नाही. लोकांनी पुन्हा निवडूनही दिलं नाही.

हरल्याचं आबांना काहीच वाटलं नाही, असं मी लिहिणार नाही. ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसत, पेपर मागून घेत आणि विचारत, "आपल्या रस्त्याचं काय आलंय का?" आमदार असताना गावचा रस्ता त्यांनी दर अधिवेशनात मागितला होता. तो कायम विचाराधीन राहिला.

आबा गेले, तेव्हा सरकारी हार घेऊन निघालेली मोटार त्याच रस्त्यावर चिखलात रुतली. हार पोचला दुसऱ्या दिवशी.

जमादार आला चौथ्या दिवशी, चालत. पेन्शनीत निघालेला, दाढी पांढरी झालेली. शाळेच्या दारात थांबून म्हणाला, "मास्तरसाब, उनकू किधर जलाये?"

मी त्याला ओढ्याकाठी नेलं. रक्षा सावडून झाली होती. काळवंडलेली जमीन तेवढी उरली होती. त्यानं चपला काढल्या, गुडघे धरून कसाबसा खाली बसला आणि त्या मातीवरून हलकेच हात फिरवत राहिला.