मऊ पाणी आणि चुन्याची निवळी

कोणी पाण्याचा पेला पुढे केला की आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आधी त्यात बोट बुडवायचे, अंगठ्यावर चोळून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. "जड आहे. पाणी कसं मऊ पाहिजे." मग प्यायचे. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पेल्यात! असा एखादा नमुना तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. अंबरनाथला आमच्या वाट्याला हे आले होते.

एमआयडीसीतल्या एका कंपनीचं बॉयलर हाऊस त्यांच्या ताब्यात होतं. जड पाण्यातला चुना बॉयलरच्या नळ्यांत थर धरतो, म्हणून तिथे तो काढून पाणी मऊ करतात. काकांचा जन्म त्या चुन्याशी भांडण्यात गेला. घरीसुद्धा बादलीला पांढरा थर दिसला की रविवारचं जेवण सोडून घासायला बसायचे.

काकू गुहागरकडच्या. संधिवाताने त्यांचं जिना उतरणं बंद झालं, मग माहेरचा समुद्र कुठला दिसायला! म्हणून काकांनी हॉलमध्ये समुद्राची टाकी मांडली. बायकोसाठी मांडली, एवढं श्रेय मी त्यांना देते. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून केशरी मासे आणले आणि फुलकोबीएवढं जिवंत पोवळं आणलं. काकू दिवसभर खुर्ची टाकून त्यासमोर बसायच्या. हा दगड नाही गं, जनावर आहे, असं मला समजावून सांगायच्या.

आणि त्या टाकीत काकांनी काय ओतावं? कंपनीतलं मऊ पाणी! कॅन भरून घरी आणून त्यात समुद्री मीठ विरघळवायचे, आणि रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भरतीही त्याच कॅनमधून करायचे. दुकानदार बिचारा म्हणाला, "अंकल, इसमें ये पानी मत डालो." त्याला काकांनी सुनावलं की तू मासे विक, पाणी मला शिकवू नकोस.

पोवळ्याची टोकं पांढरी पडायला लागली. आता ऐका, दोष कुणाला दिला असेल? काकूंच्या हातांना. माझ्यादेखत म्हणाले, "हिचे हात कायम तेला-हळदीचे. त्यानेच पाणी नासलं." तेव्हापासून काकूंना टाकीला हात लावायची बंदी, माशांना दाणेसुद्धा घालायचे नाहीत. घराबाहेर पाऊल टाकता न येणाऱ्या बाईला ही शिक्षा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंनी मात्र खुर्ची तेवढी हातभर मागे घेतली.

एकदा काका कामावर असताना मी वर गेले तर टाकीच्या काठावर वाटी, वाटीतून कापसाची वात आत सोडलेली आणि थेंब थेंब पाणी पडतंय. चुन्याची निवळी! पानाचा चुना पाण्यात कालवून वरचं नितळ पाणी आपण पोरांना देतो, तीच. चुना लावणं म्हणतात ते हेच, असं म्हणून मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"आमच्याकडे शिंपल्या भाजून चुना करतात," त्या म्हणाल्या. "शिंपलीत तो आला कुठून? समुद्रातूनच ना? ह्यालाही घर बांधायला तोच लागणार. आणि आमचे हे, नेमका तोच काढलेलं पाणी घालतात."

पोवळं सावरलं, त्याला नवे कोंब फुटले. काका आल्यागेल्याला टाकी दाखवून मऊ पाण्याचे गोडवे गायला लागले. हिचे हात बाहेर ठेवले म्हणून जगलं, असंही वर सांगायचे. मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझा पदर ओढला. नंतर मला शपथ घातली. "जन्मभर चुना खरवडला गं त्यांनी. राहू दे." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. बंदी काही उठली नव्हती. स्वतःच्या घरात ती बाई चोरासारखी वाटी लपवत होती.

मग काकू गेल्या. काका एकटेच टाकीचं सगळं बघायचे, अगदी मनापासून, मऊ पाणी घालून. एका सकाळी दाढी वाढलेली, तसेच माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"पोवळं जातंय गं. ती टाकीला हात लावायची का कधी? मला वाटतं, त्याला तिचा हात हवाय."

मी शपथ मोडली. वाटी, वात, निवळी, सगळं सांगितलं. ते चौकट धरून ऐकत होते.

"मला का नाही बोलली?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

ते वर गेले. थोड्या वेळाने चुन्याची डबी मागायला पुन्हा खाली आले. निवळी कशी करतात तेही त्यांना मलाच सांगावं लागलं. पोवळं वाचलं नाही. तरी बदलापूरला मुलाकडे राहायला जाईपर्यंत ते रोज त्या मेलेल्या पोवळ्यावर निवळी सोडत बसायचे. बघून मला रडू यायचं, आणि रडता रडता त्यांचा रागही यायचा.