पिशोरचं वेगळं मत

आधीच सांगते, आमचं घर बौद्ध. अंगारा, उतारा, नवस... असलं काही मी लहानपणापासून पाहिलंच नाही. 'पुरावा दाखव' हे वडिलांचं आवडतं वाक्य, आणि पुढं मी मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आकड्यांवरून शिकवायच्या कामात गेले, म्हणजे माझी नोकरीही पुराव्याचीच! हसायचं तर हसा, पण वाचून हसा.

क्रांती चौकाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. बाळंतपणात कुणाला जास्त रक्तस्राव होईल हे आधीच ओळखायचं, एवढंच काम. त्यासाठी खेड्यापाड्यांतल्या बारा दवाखान्यांना एकेक कॉम्प्युटर दिलाय. पेशंटची माहिती दवाखान्याबाहेर येत नाही — कॉम्प्युटर तिथल्या तिथं शिकतो आणि दर गुरुवारी फक्त शिकलेले आकडे आमच्याकडं पाठवतो. ते आम्ही एकत्र करतो. कुणाचे आकडे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे आले तर बाजूला टाकायचे, हा नियम. मीच केलेला.

त्या बारांतल्या पिशोरच्या दवाखान्याचे आकडे दर वेळी वेगळेच यायचे. मी वैतागून बाजूला टाकायचे. आकडे येतायत म्हणजे मशीन चालू, म्हणून तिथं कधी फोनही केला नाही.

धाकटी बहीण सुषमा नवव्या महिन्यात माझ्याकडं आली होती. "ताई, तुझ्या मशीनला माझं विचार की गं!" म्हणून मागंच लागली. रिपोर्ट घातले. 'धोका नाही.' मग काय सुचलं कोण जाणे... पिशोरचे आकडे धरून पुन्हा चालवलं. 'धोका.' काढले की नाही, धरले की आहे! तिचं नाव वेरूळजवळच्या एका छोट्या दवाखान्यात घातलेलं, तिथं रक्ताची सोय नाही.

"येडी झाली का तू? सगळं नॉर्मल हाय की!" ती लई भांडली. मी ऐकलं नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली आणि रक्त थांबेचना. चार बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, "इथं होती म्हणून वाचली."

आभार मानायला मी पिशोरला फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चेष्टा करता का? तुमचं मशीन अजून खोक्यातच हाय. त्या खोलीत लाईटच नाय, कुठं लावायचं?"

मी स्वतः जाऊन पाहिलं. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर पाठवताना केलेली माझीच सही, जशीच्या तशी. पासवर्डशिवाय आकडे पाठवताच येत नाहीत, आणि त्याचं पाकीट आत, बंद. ऑफिसात सगळ्यांनी डोकं लावलं, पण आकडे कुठून येत होते ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

सुषमाच्या बाळंतपणानंतर पिशोरहून काहीच आलं नाही. नियम मी काढून टाकलाय. मी बाजूला टाकलेल्या पिशोरच्या चौदा फायली मात्र अजून आहेत. त्या चौदा आठवड्यांत बाकीच्या अकरा दवाखान्यांतल्या सुषमासारख्या बायांना आमचं मशीन 'धोका नाही' सांगत राहिलं. त्यांची नावं आमच्याकडं येत नाहीत. सुषमाची पोर मांडीवर घेतली की मला रडू येतं... पिशोरहून जे कुणी सांगत होतं, ते फक्त हिच्या आईसाठी, की त्या सगळ्या बायांसाठी?