पान बेचाळीसची चिठ्ठी

आमच्या वहिनीच्या खोलीत शिरायचं तर काळे कपडे घालून शिरावं लागतं. चोरीबिरी करायची नसते, नाण्यांचे फोटो काढायचे असतात. ‘नाण्याचा फोटो काढायला असं काय मोठं लागतं?’ असं मी एकदा म्हणालो होतो. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

ही नाणी म्हणजे आपल्या खिशातली चिल्लर नव्हे. तपासणारी माणसं त्यांना भिंगाखाली उलटीपालटी करतात, सत्तरपैकी गुण देतात आणि जाड पारदर्शक डबीत कायमची बंद करून टाकतात. सत्तरपैकी अडुसष्ट! मला शाळेत शंभरपैकी कधी तेवढे पडले नाहीत. डबी चकाकते, आतलं नाणं तर नुसता आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसणार: दिवा, छत, वहिनीचं नाक. म्हणून काळा पडदा, काळे कपडे आणि कॅमेऱ्याच्या तोंडालाही काळ्या पुठ्ठ्याचा बुरखा. डबी जराशी तिरकी करून वहिनी चुटकीसरशी सांगते, ओरखडा प्लॅस्टिकवर आहे की नाण्यावर. असली नजर घरात असली की काय होतं, ते मला विचारा. बशीचा टवका उडाला की लपवायची सोय नाही.

खरं तर ह्या खोलीतला स्टुडिओ दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. तो लग्नांचे फोटो काढायचा. पुढे कंटाळला आणि टायरच्या कंपनीत चिकटला. तेवढ्यात एक लिलाववाला नाणी घेऊन दारात आला. दादा म्हणाला, ‘मला नाही जमायचं हे किडूकमिडूक.’ वहिनी म्हणाली, ‘बघू तरी.’ झालं! गेली अकरा वर्षं ती बघतेच आहे. पण पावतीपुस्तक दादाच्या नावाचं, त्यामुळे लिलावाच्या प्रत्येक पुस्तकात छापून यायचं: छायाचित्रे, आणि पुढे दादाचं नाव. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाला खटकलंही नव्हतं. आपला समज असा की वहिनीलाही खटकत नसणार.

यंदा मात्र ती लिलाववाल्याला म्हणाली, ‘ह्या वेळी माझं नाव घाला.’ तो सहज ‘बरं’ म्हणाला. त्यानंतर आठवडाभर ती भाजी चिरताना गुणगुणत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या पुस्तकातलं शेवटचं नाणं एका घड्याळजीचं होतं. चांदीचं, आरशासारखं. म्हाताऱ्याचं एकच टुमणं, ‘बाई, ह्यात रंग आहे. मला दिसतो, कुणाला दाखवता येत नाही.’ जुन्या चांदीवर अशी झाक चढते आणि कधी कधी ती एकाच कोनातून दिसते, हे वहिनीला ठाऊक होतं. दोन दिवस ती तो कोन शोधत बसली. दिवा इकडे, दिवा तिकडे. जेवण गार, नवरा गरम.

मी त्या दिवशी नवा लालभडक शर्ट घेतला होता. तिशी आली, लग्न जमत नाही, म्हटलं जरा रंगात यावं. कसा दिसतो विचारायला म्हणून दार ढकललं, तर आत वहिनी किंचाळली, ‘भाऊजी, हलू नका! जागचे हलू नका!’

मला वाटलं, पाल पडली. मी खांब झालो. ती कॅमेऱ्यात डोळा घालून ओरडत होती, ‘आला! रंग आला! अगं बाई, गुलाबी!’ आणि खटाखट फोटो. पाऊल वाजलं तर टेबल हलेल आणि रंग निसटेल, ह्या भीतीने तिने मला दहा मिनिटं तिथेच उभं केलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोटो झाल्यावर पाहिलं, तर म्हणते कशी, ‘शर्ट बरा आहे हो.’

पंधरा दिवसांनी आतली पानं छापून घरी आली. पान बेचाळीस. फोटोखाली लिहिणाऱ्याने नुसती बरसात केली होती: ‘लाजऱ्या गुलाबी रंगाची दुर्मिळ झाक.’ झाक नाण्याच्या डाव्या अंगाला होती. दारही डाव्या अंगाला. मी नीट पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. झाकेत एक बारीक पांढरा ठिपका होता. माझं बटण!

मी दिवसभर गप्प बसलो. मी काही वाईट माणूस नाही, फक्त घाबरट आहे. संध्याकाळी सांगून टाकलं. वहिनीने भिंग घेतलं, पाहिलं, आणि खाली ठेवलं. ‘मला कळायला हवं होतं,’ एवढंच म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लिलाववाल्याच्या ऑफिसात गेलो. घड्याळजीही तिथेच होता. त्याने हात जोडले. ‘बाई, माझं नाणं आयुष्यात पहिल्यांदा लाजलंय. लाजू द्या की!’

‘ते नाही लाजलेलं, आजोबा,’ वहिनी म्हणाली. ‘लाजायला पाहिजे ते हे इथे उभे आहेत.’

लिलाववाला कपाळ चोळत म्हणाला, ‘पानं छापून झालीत. फार तर चिठ्ठी चिकटवू. पण पहिल्या पानावर नवं नाव आणि आत चूक कबूल केल्याची चिठ्ठी? लोक दात काढतील. दोन्हींतलं एक सांगा. पहिलं पान उद्या छपाईला जातंय.’

काळ्या बाहीचा सुटलेला धागा वहिनी बोटाला गुंडाळत राहिली. मला मनातून वाटलं, जाऊ दे ना, घाल तुझं नाव, कोण भिंग घेऊन बटणं शोधत बसणार आहे! घड्याळजीही आशेने बघत होता.

‘चिठ्ठी लावा,’ ती म्हणाली.

तो लिहू लागला, ‘तांत्रिक कारणामुळे रंगात फरक...’

‘तांत्रिक कारण?’ वहिनीने माझ्याकडे बोट केलं. ‘ह्यांना तांत्रिक म्हणायचं? जे झालं ते लिहा. शेवटी “चूक माझी” लिहा. आणि खाली माझं नाव.’

‘अहो, चिठ्ठीवर नाव कुणी घालत नाही.’

‘मग “चूक माझी” म्हणजे कुणाची? वाचणाऱ्याची?’

रविवारी दुपारी पाचशे पुस्तकं आमच्या घरी येऊन पडली. चिकटवायची शिक्षा अर्थातच मला. डिंकाची बाटली घेऊन मी फतकल मारून बसलो. चिठ्ठी दोन बोटं रुंद: ‘ह्या नाण्यावरची गुलाबी झाक नाण्याची नसून, फोटो काढताना शेजारी उभ्या असलेल्या माझ्या दिराच्या शर्टाची आहे. चूक माझी.’ खाली वहिनीचं पूर्ण नाव. घड्याळजी आपलं नाणं लिलावातून परत घेऊन गेला होता. रंग आहेच, असं अजूनही सांगत फिरतो.

दादा झोपून उठला, जांभई देत एक पुस्तक उचललं. पहिलं पान उघडलं. नेहमीसारखं त्याचंच नाव. मग माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली, आणि आधी पोट धरून हसला. पुस्तक चाळत गेला, पानामागून पान. तीनशे नाणी, एकेक अशी की बोटाने उचलावीशी वाटावी. हसू कधी थांबलं, ते कळलं नाही.

‘अगं,’ तो म्हणाला, ‘म्हणजे बरे आलेले सगळे फोटो माझे, आणि चुकला तो एकटा तुझा?’

वहिनी पुस्तकं मोजून थप्पी लावत होती. वर न बघता म्हणाली, ‘अहो, अकरा वर्षं हे असंच आहे. आजवर एकही चुकला नव्हता, एवढंच.’

मी बाटलीचं बूच उगाच लावलं आणि उगाच काढलं.

दादा उठला. फोनजवळ गेला. ‘हां, मी बोलतोय,’ तो लिलाववाल्याला म्हणाला. ‘पहिल्या पानावर एक चूक राहिलीय. लिहून घ्या. हे फोटो मी काढलेले नाहीत, माझ्या बायकोने काढलेत. गेली अकरा वर्षं तीच काढतेय. चूक माझी. हो हो, खाली माझं नाव घाला. पाचशे चिठ्ठ्या लागतील.’

वहिनी थप्पीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘भाऊजी, डिंक पुरेल ना?’