पाठमोरी

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमच्या आडतीवर सांडलेलं धान्य झाडून गोळा करणारी एक मावशी आहे. माणसांशी ती भांडल्यासारखीच बोलते. हमालाच्या पोत्यातून चार दाणे गळाले तरी तिचा आवाज पार गेटापर्यंत जातो. आडतीवरच्या दोन कुत्र्यांशी मात्र ती बोलतच नाही.

सौद्याच्या वेळी, बोली लागली की मोंढ्यात एकच गलका उठतो. कुत्री बिथरतात, माणसांच्या अंगावर धावतात. म्हणून मावशी आधीच पोत्यांच्या थप्पीमागे एक रिकामं पोतं अंथरते आणि त्याच्याकडे पाठ करून सुपात सोयाबीन पाखडत बसते. कुत्री आपसूक येऊन पोत्यावर पडतात.

एकदा मी थरथरणाऱ्या कुत्र्याला चुचकारायला गेलो, तर ती माझ्यावर खेकसली, "हात नका लावू, मुनीमजी! भ्यालेल्याच्या तोंडाकडं बघू न्हाई. निस्तं जवळ बसावं."

गेल्या हंगामात माझे वडील गेले. तेरावं उरकून मी आडतीवर आलो. जो तो जवळ येऊन विचारायचा, कसे गेले, काय झालं होतं. सांगून सांगून घसा कोरडा पडला. तेवढ्यात सौदा सुरू झाला, गलका वाढला आणि वहीत लिहिता लिहिता माझे आकडे चुकायला लागले. मी उठून थप्पीमागे गेलो.

तिथं आज दोन पोती अंथरलेली होती. एकावर कुत्री पडली होती.

दुसऱ्यावर मी बसलो. मावशी पाखडत राहिली. तिने वळून पाहिलं नाही.