चारशे पावलं

केळीचा घड खांद्यावर घेऊन सिंगा निघाला की बघणाऱ्याला वाटायचं, हा चालत नाहीये, नुसता सरकतोय. कमरेच्या वर त्याचं काही हलायचंच नाही. डोक्यावर भरलेला हंडा घेतलेली बाई चालते ना, तसं. पाय जमिनीपासून दोन बोटंही उचलायचा नाही आणि तरी ठिबकच्या नळीत कधी अडकला नाही. तीस किलोचा घड बागेतून ट्रॉलीपर्यंत न्यायचा, तो असा. परदेशात जाणारा माल असतो तो, त्याला धक्का चालत नाही. आज धक्का लागला तर आज काही दिसत नाही, आठ दिवसांनी तिथे काळं पडतं, आणि तेव्हा पेटी समुद्रात असते. सिंगाच्या खांद्यावरून उतरलेल्या घडाला डाग पडल्याची तक्रार मी बावीस वर्षांत एकदाही ऐकली नाही. त्याच्या पायांची ती सवय इतकी पक्की झाली होती की परत येताना खांदा रिकामा असला तरी गडी तसाच सरकत यायचा.

मी या टोळीचा मुकादम. नाव आधार, पण टोळीत सगळे नाना म्हणतात. यावलच्या बाहेर कंपनीचं पॅकहाऊस आहे, तिथे माल पोचवायचं काम आमचं. हे सगळं मी तुम्हाला सांगतोय ते काही मला हलकं वाटावं म्हणून नाही. वाटणार नाहीच. पण सिंगाबद्दल कुणी काहीबाही बोललं की माझं डोकं फिरतं, आणि बोलणारा मूर्ख असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या तोंडात ते घालणारा मीच आहे म्हणून.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने धुळ्याहून नवा साहेब पाठवला. योगेंद्र साहेब. वय असेल अठ्ठावीस, पायात पांढरे शुभ्र बूट, चिखलात पाय टाकायच्या आधी जागा शोधायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने तिसांच्या तीस जणांना पॅकहाऊससमोर बसवलं आणि सांगितलं, की आता बारा जणांची पक्की टोळी होणार. त्यांना बारा महिने काम, इथल्या इथेच. बाकीच्यांना गरज पडेल तसं बोलावणार. बारा कोण ते मुकादम ठरवणार नाही. मुकादम आपापली माणसं घुसवतात, असं वर कुणीतरी कळवलं होतं म्हणे. खोटं नव्हतं ते. पण सगळ्यांसमोर बोलला, तेव्हा माझे कान तापले.

सिंगाचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलपासून बसने तासभर. कोरडवाहू दोन तुकडे, पाऊस संपला की तिथे करायला काही नाही. म्हणून दिवाळीनंतर तो आणि नानीबाई, म्हणजे त्याची बायको, गुजरातेत ऊस तोडायला जायचे. मागे त्याची म्हातारी आई होती तोवर पोरगी तिच्याजवळ राहून शिकली. म्हातारी त्या उन्हाळ्यात गेली. हेमलता दहावीत, आणि एकट्या पोरीला पाड्यावर ठेवून जाणार कसं? साहेबाने बारा जणांचं सांगितलं, त्याच संध्याकाळी सिंगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. एरवी न बोलणारा माणूस. "नाना, माझं नाव लागलं तर हेमा दहावी करेल," म्हणाला. मी म्हणालो, अरे तुझं नाही लागणार तर कुणाचं लागणार? आणि मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबाने खोक्यातून ती यंत्रं काढली. पावलं मोजायची. काड्यापेटीएवढी, प्लास्टिकची, मागे चिमटा, पुढे काचेत आकडा. कानाशी धरून हलवलं की आत काहीतरी टकटक करायचं. सकाळी कमरेला लावायचं, संध्याकाळी परत द्यायचं, साहेब आकडा लिहून घेणार. आठ दिवस. ज्याची पावलं जास्त तो कामाचा. "माणूस खोटं बोलेल, मशीन बोलणार नाही," साहेब म्हणाला. आता घड मोजायचे सोडून पावलं कसली मोजतोस बाबा, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण घड मीच मोजत होतो ना इतकी वर्षं. माझं मोजणं नको म्हणूनच तर हे आणलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आकडे वाचले. कुणाचे नऊ हजार, कुणाचे अकरा हजार. सिंगाचे चारशे बारा. साहेबाने यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, दुसऱ्या दिवशी बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी तीनशे नव्वद. "हा दिवसभर झोपतो का?" साहेबाने मला विचारलं. सिंगाने त्या दिवशी शंभरावर घड वाहिले होते. मी तसं सांगितलं, तर साहेब नुसता हसला. मुकादमाचा माणूस म्हणून मुकादम बोलतोय, असं ते हसणं.

टोळीने काय केलं असेल? नाव पाडलं. ए चारशे, पाणी आण. ए चारशे, दमला असशील, बस जरा. ज्यांच्या पोटदुखीच्या दिवशी सिंगाने त्यांचे घड वाहिले, तेच पुढे. तोवर बाकीच्यांना यंत्राची गोम कळली होती. बिडी ओढायला बसले की एका हाताने यंत्र हलवत बसायचे, एकाने तर बकरीच्या गळ्यात बांधून पाहिलं. सिंगालाही सांगितलं, हलव रे बावळटा. तो म्हणाला, साहेबाने हात लावू नका सांगितलंय. दवाखान्यातल्या यंत्राला माणूस मानतो, तसा मानायचा तो त्याला. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत बागेत आला, दुपारी भाकरीही खाल्ली नाही, जास्त चाललो तर आकडा वाढेल म्हणून. सव्वाशेवर घड वाहिले. दमल्यावर त्याची चाल आणखी हलकी व्हायची. त्या संध्याकाळी आकडा आला तीनशे साठ.

आता माझं सांगतो. साहेबाने एक यंत्र मलाही लावलं होतं. मुकादम असला तरी बारांतच मोजणार, म्हणाला. माझं वय छप्पन्न, डावा गुडघा कामातून गेलेला. पहिल्या दिवशी चाललो तर रात्री पाय सुजून खांब. दुसऱ्या दिवशी राकेशच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसलो. राकेश आमचा ट्रॅक्टरवाला, बागेपासून पॅकहाऊसपर्यंत दिवसभर खेपा मारायचा. बागेचा रस्ता कसला, सगळे खड्डे. संध्याकाळी राकेशचा आकडा बावीस हजार आणि माझा सतरा हजार. दोघांनीही दिवसभर जमिनीला पाय लावला नव्हता. राकेश माझ्याकडे बघून डोळे मिचकावत हसला. मीही हसलो. मग रोजच बसायला लागलो.

घरी बायकोला सांगितलं. द्रौपदाबाई नरडाण्याकडची, तोंडाला फडकं बांधून बोलणारी नव्हे. तिने ते यंत्र हातात घेतलं, दोनदा झटकलं, आकडा वाढलेला बघितला आणि म्हणाली, "हाई बठ्ठं खोटं शे." सगळं खोटं आहे, असंच साहेबाला जाऊन सांगा म्हणाली. मी म्हणालो, सांगतो. आणि सकाळी ट्रॅक्टरवर जाऊन बसलो.

आठवा दिवस शनिवार. रविवारी साहेब वही घेऊन पॅकहाऊसला बसला होता, मी आणि राकेश होतो, आणि सिंगाला घेऊन हेमलता आली. शाळेचाच ड्रेस घालून आली होती, नीट वेणी घालून. "सर, पाच मिनिटं द्याल का?" साहेबाने दिली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

तिने यंत्र आपल्या कमरेला लावलं आणि पॅकहाऊससमोर हात हलवत शंभर पावलं चालली. मोजायला साहेबालाच सांगितलं. यंत्रात आले अठ्ठ्याण्णव. मग तेच यंत्र बापाला लावलं, त्याच्या खांद्यावर गादी ठेवून घड दिला. सिंगा शंभर पावलं सरकला. साहेब मोठ्याने मोजत होता. यंत्रात आले चार.

"हे पावलं मोजत नाही, सर," हेमलता म्हणाली. "धक्के मोजतं. आणि बाबांना तर धक्का द्यायचाच नसतो."

साहेबाने वही उघडून एकदा बघितली. पोरीला तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण हुशार पोर, ती म्हणाली, "पटत नसेल तर ट्रॅक्टरवर ठेवून बघा. एक चक्कर मारा. कुणी न चालता आकडा वाढेल."

साहेबाचं बोट वहीत पहिल्या दोन नावांवर गेलेलं मी पाहिलं. राकेश, आणि खाली मी. त्याने मान वर केली. "नाना, काढा बरं ट्रॅक्टर."

तुम्ही म्हणाल, विचार करायला वेळ मिळाला नसेल. मिळाला. चांगला मिळाला. गुडघा आठवला, घर आठवलं, बारांतून बाहेर पडलेला मुकादम गावात कसा दिसतो तेही आठवलं. समोर सिंगा घड खांद्यावर घेऊन तसाच उभा होता, कुणी उतरव म्हटलं नव्हतं म्हणून.

"डिझेल नाही साहेब," मी म्हणालो.

सकाळीच टाकी भरली होती. राकेश जमिनीकडे बघत राहिला. साहेबाला जेवायला यावलला जायचं होतं, त्याने घड्याळ पाहिलं. आणि मी तिथेही थांबलो नाही. कुणी विचारलंही नव्हतं, तरी म्हणालो, "पोरीचं काय मनावर घेता? बापासाठी बोलणारच ती. त्याला म्हणावं, पाय उचलून चाल. बघू जमतं का."

साहेबाला ते बरं वाटलं. निकाल लवकर लागणार होता. सिंगाला त्याने पाय आपटत चालायला लावलं. बावीस वर्षांत जो माणूस तसा चालला नाही, तो घड खांद्यावर घेऊन शंभर पावलं धाडधाड आपटत गेला. प्रत्येक पावलाला घड खांद्यावर उसळत होता आणि तो दुसऱ्या हाताने फण्या सांभाळायला बघत होता. राकेश हसला. खरं सांगतो, दिसत होतंच तसं. यंत्रात आले एक्क्याण्णव.

"म्हणजे येतं की याला," साहेब म्हणाला. "मग आठ दिवस काय करत होता?"

हेमलता काही बोलणार होती. सिंगाने घड खाली ठेवला, फण्यांवरून एकदा हात फिरवला, आणि पोरीचा हात धरला. "बस," म्हणाला. "मशीन खोटं कसं बोलेल? मीच कमी चाललो असेन."

मंगळवारी यादी लागली. पहिला राकेश, दुसरा मी. यंत्रं पुढेही लावतच होते, आणि सिंगाच्या जागी जो आला त्याने पाय आपटायची अशी सवय लावून घेतली की दसऱ्यापर्यंत डागांच्या तक्रारींनी साहेबाचा फोन थांबेना. मग एके दिवशी त्याने सगळी यंत्रं खोक्यात भरून कोपऱ्यात टाकून दिली. यादी मात्र तीच राहिली, वर पाठवलेली यादी बदलायची म्हणजे चूक झाली असं लिहून द्यावं लागलं असतं. सुट्ट्या कामाला बोलवायच्या माणसांत सिंगाचं नाव होतं, बोलावणं माझ्याच हातात होतं. मी बोलावलं नाही. तो समोर आला की मला भाकर गिळवायची नाही, म्हणून त्याचीच भाकर बंद केली. असा मी माणूस.

दिवाळी झाल्यावर फाट्यावर गुजरातेचा ट्रक लागला. मला तिथे जायचं काही कारण नव्हतं, गेलो. बायाबापड्या, भांडी, कोंबड्या, सगळं वर चढत होतं. नानीबाईने माझ्याकडे पाठ केली. हेमलता आधीच वर बसली होती, अंगावर आईचं जुनं लुगडं आणि हातात कोयता, तोडणीत बापाच्या जोडीला आता ती होती. तिने मला पाहिलं. ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि मान रस्त्याकडे वळवली.

सिंगा मात्र मला बघून खाली उतरला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हात जोडले. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, मी खरंच तयार होतो.

"नाना," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी जास्त चालीन. साहेबाला सांगून ठेवाल?"

सांगता आलं असतं. ट्रक सुरूही झाला नव्हता. सगळं त्याच्या तोंडावर सांगता आलं असतं, पोरीलाही ऐकू गेलं असतं.

"सांगतो," मी म्हणालो. "तू जरा पाय उचलत जा."

त्याने मान डोलावली आणि ट्रककडे गेला. दहा-बारा पावलं असतील, प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत उचलून, आपटत गेला.