स्थळ बघायला सायकलवरून: जुन्नर ते भीमाशंकर

माझ्या नणंदबाई, शोभाताई, पुण्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवतात. वय शेहेचाळीस, लग्न केलेलं नाही आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की त्यालाच व्याकरणाचे प्रश्न विचारतात. गेल्या वर्षी मंचरहून एक स्थळ आलं. माधवराव. बाजारात कांदा-बटाट्याची आडत, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी सासरी. सासूबाई पोहे भिजवायला उठणार तेवढ्यात ताईंनी जाहीर केलं, "अर्धा तास सोफ्यावर बसून माणूस कळत नाही. मे महिन्यात मी आणि मीनल सायकलवर भीमाशंकरला जाणारच आहोत. त्यांना म्हणावं, तुम्हीही या."

मीनल म्हणजे मी. हा बेत मला त्याच क्षणी कळला.

मंचरहून उलट निरोप आला, "येतो." सासूबाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून पहाटेची जुन्नर एसटी धरा. सायकली टपावर चढतात. लगेजचं तिकीट काढावं लागतं, आणि बांधायला दोर आपलाच न्यावा. जुन्नरच्या स्टँडवर आम्ही सायकली उतरवत होतो तेव्हा एका टेम्पोतून माधवराव उतरले. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवेकोरे बूट. सायकल मात्र बावीस इंची, काळी, दांड्याची, आणि कॅरिअरवर कांद्याची पिशवी.

"नमस्कार, ताई," म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "म्हंजे... मॅडम."

"कांदे माझ्यासाठी आणलेत?" ताईंनी विचारलं.

"न्हाई, घोडेगावला आक्काकडं द्यायचेत. पण तुमाला पायजे असतील तर..."

मला तिथेच हसू फुटलं. मी उगाच चाकातली हवा बघायला लागले.

जुन्नर ते घोडेगाव हा टप्पा पंचवीसेक किलोमीटरचा. चढ-उतार माफक, सावली कमी, त्यामुळे उन्हं तापायच्या आत निघावं. पेठेत मिसळ खाऊन घ्या, पुढे नीटसं हॉटेल नाही. वाटेत दोन्हीकडे ऊस लागतो, आणि उसात बिबट्या असतो. एका रसवंतीवाल्याने बजावलं, "एकटं-दुकटं जाऊ नका. घंटी वाजवत जावा." ताईंनी हा सल्ला इतका मनावर घेतला की सगळा ऊस संपेपर्यंत त्यांच्या घंटीने आम्हाला बोलू दिलं नाही. मागून माधवराव ओरडले, "मॅडम, बिबट्या राजुरीला पळाला!"

घोडेगावला मुक्काम आक्कांकडे, म्हणजे माधवरावांच्या थोरल्या बहिणीकडे. त्यांनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी केली. ताईंना त्या सारख्या न्याहाळत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "बाई, याला कवापासून सायकल येती? महिनाभर रोज संध्याकाळी बाजाराच्या आवारात चकरा मारतोय. लोकांना वाटलं, डॉक्टरनं सांगितलंय."

माधवराव भाकरीत तोंड खुपसून बसले.

दुसरा दिवस खरा. डिंभ्याचं धरण उजवीकडे ठेवून रस्ता चढू लागतो, आणि पोखरीच्या घाटात सायकलस्वाराचा अहंकार गळून पडतो. आमच्या सायकलींना गिअर होते, तरी अर्धा घाट ढकलत नेला. माधवराव दर वळणावर थांबत आणि निसर्गसौंदर्य दाखवत. "ते पाणी बघा. काय दिसतंय!" पुढच्या वळणावर पुन्हा, "ती झाडी बघा." त्यांना धाप लागली होती हे उघड होतं. ताई प्रत्येक वेळी शांतपणे थांबून पाणी बघत, झाडी बघत. पाचव्या वेळेला त्या म्हणाल्या, "माधवराव, बसू या का? निसर्ग कुठे जात नाही."

तळेघरला चहा मिळतो, गूळ घातलेला. पुढे अभयारण्याची झाडी सुरू झाली की हवा एकदम बदलते. जंगलातल्या पायवाटांवर सायकल नेऊ नये, गावात कुलूप लावून ठेवावी आणि चालावं. आम्ही शेकरू बघायला गेलो. मोठी, तांबूस खार, मांजराएवढी. पाऊण तास माना वर करून उभे होतो. अखेर एका फांदीवरून लांबलचक शेपूट लोंबलेली ताईंना दिसली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माधवरावांना ते बोट दिसलं नाही. ते बाजारात पुकारा करावा तसे गरजले, "आलं, आलं, ते बघा!" शेकरू गेलं. ताईंनी त्यांच्याकडे नववी 'ब'कडे बघतात तसं पाहिलं. भीमाशंकरच्या मुक्कामी रात्री दोघं दोन दिशांना तोंडं करून जेवले. मला वाटलं, संपलं. सासूबाईंना काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागले.

तिसऱ्या दिवशी परतीला मंचरकडे. उतार. ताई पुढे, माधवराव मध्ये, मी मागे. ताईंना उताराची नशा चढली. त्यांनी माधवरावांना कट मारून ओलांडलं आणि चक्क शीळ घातली. त्यासरशी माधवरावांनीही ब्रेक सोडला. पुढच्या वळणावर एका वस्तीपाशी रस्त्याकडेला कुणीतरी हिरडा वाळत घातला होता. त्या भागात मे महिन्यात घरोघरी हिरडे वाळवतात, व्यापारी औषधासाठी घेतात. माधवराव सायकलसकट त्या पसाऱ्यात घुसले. हिरडे सगळ्या रस्त्यावर उधळले.

घरातून एक मावशी धावत आल्या. "पावणं! रस्ता एवढा मोठा, तुमाला आमचाच हिरडा घावला व्हय?"

ताई सायकल टाकून पळत मागे आल्या. माधवरावांचं कोपर सोललं होतं, नवे बूट मातीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ताईंचा त्याहून. त्यांनी बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, ओढणीने कोपर बांधलं.

"ब्रेक तुटला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. चांगला हाय."

"मग दाबला का नाही?"

"तुमी शीळ घालून पुढं गेला व्हता, राव."

शोभाताई हसल्या. वीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, रस्त्यात बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मावशीही हसायला लागल्या. मग त्यांनी आमच्या हातात एकेक सूप दिलं आणि म्हणाल्या, "आता समदा गोळा करा."

झाडाखाली बसून आम्ही हिरडे निवडले. "नवरा-बायको का तुमी?" मावशींनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या.

"अजून न्हाई," माधवराव त्याच वेळी म्हणाले.

मावशी समजूतदार. उठून चहा ठेवायला गेल्या. मीही त्यांच्या मागे निघाले, पण ताईंनी माझी ओढणी धरून बसवलं.

"माझी नोकरी मी सोडणार नाही," ताई सुपाकडे बघत म्हणाल्या.

"कशाला सोडता? मी कुठं आडत सोडतोय? बाजार नसंल तवा मी येईन, सुट्टीत तुमी या. म्हातारपणी बघू काय ते."

"म्हातारपण कधी?"

"लई लांब हाय अजून," बांधलेलं कोपर चोळत ते म्हणाले. मग जरा थांबले. "माझंबी एक हाय. घरात तिचा फोटो हाय भिंतीवर. तो मी काढणार न्हाई."

ताईंचा हात सुपात थांबला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण हार मी घालणार नाही."

"ते माझं काम हाय."

मंचरला त्यांनी आम्हाला एसटीत बसवलं. महामार्गावर ट्रकांची ही गर्दी असते, त्यामुळे मंचर ते पुणे सायकल चालवायच्या भानगडीत पडू नका, हा माझा कळकळीचा सल्ला. बाकी रस्ता कुणालाही जमेल असा आहे. पंक्चरचं सामान, भरपूर पाणी आणि चढाला ढकलायची तयारी एवढं पुरे.

घरी आलो तेव्हा मांड्या दगड झाल्या होत्या. आम्ही दोघी एकाच टबात गरम पाण्यात पाय सोडून बसलो. मला शेकरू पुरतं दिसलं नाही, याची हळहळ आजही आहे. पण जिच्याबरोबर मी रोज एका घरात राहते त्या बाईचं असं हसणं मला पहिल्यांदा ऐकू आलं, तेही सव्वाशे किलोमीटर पायडल मारल्यावर.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "मग? काय कळवू त्यांना?"

"हो म्हणून कळव," शोभाताई म्हणाल्या. "पण फोन उद्या कर. आज केलास तर ते माझ्याशी बोलायचं म्हणतील, आणि मला हसू आवरायचं नाही."